एमजीबीचे ट्विन एसयू कार्ब ट्यून करूनही महिनाभरात परत बिघडतात? स्क्रूला हात लावायच्या आधी हे बघा

दोन कार्ब (म्हणजे कार्ब्युरेटर, इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा भाग) असलेली जुनी स्पोर्ट्स गाडी ज्याच्याकडे आहे त्याची तक्रार जवळजवळ एकच असते. ट्यूनिंग केलं तेव्हा झकास चालली, तीन-चार आठवडे गेले आणि परत तेच सुरू, आयडल वरखाली होतंय, सिग्नलला उभी केली की थरथरते, गरम झाली की बंद पडते, एक्सिलेटर दाबला की आधी गुदमरते आणि मग अचानक उचलते. मग माणूस बॉनेट उघडतो, मिक्श्चरचा नट थोडा इकडे, आयडलचा स्क्रू थोडा तिकडे, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि पुढच्या महिन्यात परत. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि शेवटी "हे एसयू कार्ब म्हणजे डोक्याला ताप, वेबर टाकतो" (वेबर म्हणजे दुसऱ्या कंपनीचे कार्ब) इथपर्यंत गोष्ट जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. एसयू कार्ब आपोआप सेटिंग सोडत नाही. त्यात हलणारे भाग अगदी मोजके आहेत. सेटिंग "गेलं" असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी सरकलेलं असतं आणि आपण कार्बचा नट फिरवून ते झाकत असतो. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा, क्रम खूप महत्त्वाचा आहे.

उदाहरण एमजीबीचं घेतोय कारण इथे इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी जुनी स्पोर्ट्स गाडी तीच, १९६२ ते १९८० ॲबिंग्डनच्या कारखान्यात ५ लाखांच्या वर बनल्या, आणि पार्ट अजून सगळे मिळतात. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, त्यावर दीड इंची एसयू एचएस४ कार्ब दोन, पुढे सत्तरच्या दशकात एचआयएफ४ आले. बी-सिरीज म्हणजे आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये जे १४८९ सीसीचं इंजिन वर्षानुवर्षं होतं त्याच घराण्यातलं, त्यामुळे ज्यांनी ॲम्बॅसेडरचे टॅपेट सेट केलेत त्यांना हे इंजिन परकं वाटणार नाही. आणि भारतात कुणाकडे जुनी एमजी टीसी किंवा टीडी असेल तर तिथेही ट्विन एसयूच आहेत, जरा लहान, पण तपासायची पद्धत तीच.

आधी कार्ब काम कसं करतो ते डोक्यात पक्कं बसायला हवं. साध्या कार्बमध्ये हवेची वाट ठरलेल्या मापाची असते आणि पेट्रोलसाठी वेगवेगळे जेट असतात. एसयूमध्ये हवेची वाटच लहान-मोठी होते. वर घंटेसारखा जो डबा दिसतो तो डॅशपॉट, त्याच्या आत पिस्टन, पिस्टनच्या खाली निमुळती सुई म्हणजे नीडल, आणि नीडल जेटच्या भोकात वरखाली होते. इंजिनने जास्त हवा मागितली की पिस्टन वर उचलतो, नीडलचा बारीक भाग जेटमध्ये येतो, पेट्रोल वाढतं. बस एवढंच. एकच जेट, एकच नीडल, आयडलपासून फुल थ्रॉटलपर्यंत. आपल्याकडच्या बऱ्याच मोटरसायकलींमध्ये नंतर जे सीव्ही कार्ब आले त्यांचं तत्त्व हेच. म्हणजे जेट वरखाली करणारा मिक्श्चरचा नट फिरवला की फक्त आयडल बदलत नाही, सगळ्या रेंजचं मिक्श्चर सरकतं, हे लक्षात ठेवा. आयडलला हवा कुठूनतरी चोरून आत येत असेल आणि ती झाकायला तुम्ही नट खाली उतरवला, तर हायवेवर गाडी विनाकारण रिच (पेट्रोल जास्त) चालणार, प्लग काळे होणार, आणि महिनाभराने मिसिंग सुरू होणार. "सेटिंग टिकत नाही" याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

दुसरी गोष्ट या इंजिनाच्या हेडची. चार सिलिंडर असले तरी इनटेक पोर्ट दोनच आहेत, १ आणि २ चा मिळून एक, ३ आणि ४ चा मिळून एक. पुढचा कार्ब पहिल्या जोडीला, मागचा दुसऱ्या जोडीला, आणि मॅनिफोल्डमध्ये दोघांना जोडणारा बॅलन्स पाइप. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे एका पोर्टवरचे दोन सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात आणि मग बराच वेळ ते पोर्ट शांत. त्यामुळे एका जोडीतल्या दोघांना मिक्श्चर अगदी सारखं कधीच मिळत नाही. चारही प्लगचा रंग तंतोतंत एक यावा म्हणून जे झगडत बसतात त्यांनी तो नाद सोडावा. पुढची जोडी आणि मागची जोडी यांची तुलना करा, ती बरोबर असली पाहिजे.

कार्ब सोडून बाकी सगळं

सुरुवात टॅपेटपासून, म्हणजे व्हॉल्व्हच्या गॅपपासून. थंड इंजिनवर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. आठ व्हॉल्व्ह आहेत, नऊचा हिशोब लावायचा: १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना ८ चा गॅप बघायचा, २ दाबलेला असताना ७ चा, असं. एखादा टॅपेट घट्ट असेल तर तो व्हॉल्व्ह गरम झाल्यावर नीट बसत नाही आणि त्या पोर्टवरच्या कार्बला व्हॅक्यूम कमी-जास्त मिळतो, मग तुम्ही सिंक्रोमीटर (कार्बमधून किती हवा जाते ते दाखवणारं मीटर) लावून कितीही बॅलन्स करा. त्यानंतर कॉम्प्रेशन. चारही सिलिंडर एकमेकांच्या साधारण १० टक्क्यांच्या आत असले तर पुढे जायचं, नसले तर कार्बला हात लावण्यात काही अर्थ नाही, आधी हेड बघा.

मग इग्निशन, आणि इथे घाई करू नका. पॉइंट गॅप ०.३८ मिमीच्या आसपास, प्लग गॅप ०.०२५ इंच म्हणजे ०.६३ मिमी. जुन्या इंजिनांना स्टॅटिक टायमिंग साधारण १० अंश. पण आकडे बरोबर बसवून भागत नाही, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा. लुकास २५डी४ चा बुश झिजलेला असला की पॉइंट गॅप प्रत्येक फेरीला बदलतो, टायमिंग लाइट मारली की खूण एका जागी न थांबता नाचते. खूण नाचत असेल तर आयडल कधीच स्थिर होणार नाही, आणि दिसायला हे अगदी कार्ब बिघडल्यासारखंच दिसतं. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या नळीला तोंडाने ओढून बघा, दम टिकला पाहिजे. टिकला नाही तर कॅप्सूलचा पडदा फाटलाय, म्हणजे ॲडव्हान्सही नाही आणि वरून हवा आत येतेय ते वेगळंच.

नवीन कंडेन्सर आणि रोटर आर्मबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मालाचा भरवसा नाही. गाडी थंड असताना चालते, वीस मिनिटांनी गरम झाली की मिसिंग, थंड झाली की परत ठीक, अशी तक्रार असेल तर आधी कंडेन्सर बदलून बघा, शक्य असेल तर जुना पण चालू असलेला लावून बघा. रिव्हेट असलेल्या काही रोटर आर्ममध्ये करंट खाली शाफ्टमध्ये उतरतो, म्हणून रिव्हेट नसलेला चांगला रोटर घ्या. गरम झाल्यावर गुदमरणारी गाडी दिसली की सगळे कार्बकडे धावतात आणि या दोन छोट्या वस्तूंकडे कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हवा कुठून मारतेय

आता हवा. इंजिन आयडलला ठेवा आणि फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी घेऊन मॅनिफोल्डच्या जोडांवर बारीक फवारा मारा. जिथे गळती आहे तिथे पाण्याने क्षणभर भोक बुजतं आणि आरपीएम बदलतो. बरेच जण कार्ब क्लीनर मारतात, पण एमजीबीत कार्बच्या अगदी खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे, तिथे पेटणारी वस्तू फवारणं मला पटत नाही. काहीही करत असाल तरी अग्निशामक हाताशी ठेवा.

सगळ्यात फसवी जागा मॅनिफोल्डची. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच स्टडवर, एकाच जाड वॉशरखाली दाबले जातात. कुणी एक फ्लँज घासून सपाट केली, दुसरी तशीच ठेवली, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदलून दुसरा टाकला, की जाडी वेगवेगळी होते, वॉशर तिरपा बसतो, एका बाजूला दाब येतो आणि दुसरी बाजू सैल राहते. थंड असताना गळती नसते, तापल्यावर सुरू होते. नट कितीही आवळा, उपयोग नाही, जाडी सारखी करावी लागते.

त्यानंतर ब्रेक सर्व्होची नळी, असेल तर. ती चिमट्याने दाबून आयडल बदलतंय का बघा. मग क्रँककेसची हवा खेचणारी लाइन. साठच्या दशकातल्या मधल्या गाड्यांना मॅनिफोल्डवर एक गोल व्हॉल्व्ह आहे, त्यातला रबरी पडदा फाटला की तो सरळ व्हॅक्यूम लीकच. नंतरच्या गाड्यांमध्ये ही लाइन कार्बलाच जोडलीय. तिथे तेलाचं झाकण चुकीचं लागलं असलं, म्हणजे जिथे बंद झाकण हवं तिथे हवा घेणारं बसवलं असलं, तर दोन्ही कार्ब लीन (पेट्रोल कमी) होतात आणि माणूस जेट खाली खाली उतरवत बसतो. झाकणाची किंमत ती काय, पण त्यामुळे होणारा घोळ मोठा.

आता कार्बकडे

इथे पहिली तपासणी थ्रॉटल स्पिंडलची, म्हणजे थ्रॉटलची डिस्क फिरवणाऱ्या दांड्याची. लिंकेज सुटं करून स्पिंडलचं टोक वरखाली हलवा. खटखट जाणवली तर बॉडी किंवा स्पिंडल झिजलंय आणि तिथून हवा आत मारतेय. या झिजेचं वाईट असं की दोन्ही कार्बमध्ये ती सारखी नसते, शिवाय प्रत्येक वेळी पेडल सोडल्यावर स्पिंडल जरा वेगळ्या जागी येऊन थांबतो, म्हणजे आयडल प्रत्येक वेळी वेगळं. सकाळी ९०० आणि संध्याकाळी ६००. याला ट्यूनिंग हा इलाजच नाही. नवीन स्पिंडल टाकून कधी सुटतं, नाही सुटलं तर बॉडी बोअर करून बुश टाकून घ्यायचे. सॉल्सबरीच्या बर्लन कंपनीकडे एसयूचं नाव आणि पार्ट बनवायचा हक्क आहे, त्यामुळे नवीन स्पिंडल, डिस्क, जेट, नीडल सगळं आजही मिळतं, अख्खा नवीन कार्बसुद्धा. झिजलेल्या कार्बवर तासन्‌तास घालवण्यापेक्षा एकदाच हा खर्च करा.

दुसरं, थ्रॉटलच्या डिस्कमधला छोटा व्हॉल्व्ह. प्रदूषणाचे नियम आल्यावरच्या बऱ्याच कार्बमध्ये फुलपाखरू डिस्कवर स्प्रिंगवाला एक बारीक व्हॉल्व्ह असतो, पेडल सोडल्यावर ओढ जास्त झाली की तो उघडावा म्हणून. स्प्रिंग थकला की तो आयडललाच उघडा राहतो. लक्षण ओळखायला सोपं आहे, आयडलचे दोन्ही स्क्रू पूर्ण मागे घेतले तरी गाडी १२००-१४०० च्या खाली येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका गाडीचं असंच होतं, मालकाने केबल बदलली, स्प्रिंग बदलले, लिंकेज बदललं, आणि शेवटी साध्या डिस्क टाकल्यावर पाच मिनिटांत ७५० वर आली. व्हॉल्व्ह सोल्डरने बंद करतात काही जण, पण सोल्डर सुटून इंजिनात जायची भीती, त्यापेक्षा साधी डिस्क घ्या.

तिसरं, आणि एचएस४ मध्ये वारंवार त्रास देणारं कारण माझ्या मते हेच सगळ्यात मोठं: चोक. या कार्बमध्ये चोक म्हणजे हवेची झडप नव्हे, चोक ओढला की जेटच खाली खेचलं जातं. सोडल्यावर जेट परत वर गेलं पाहिजे, नटाला टेकलं पाहिजे. जेटवर मळ बसलेला असला, किंवा फ्लोट चेंबरकडून येणारी नायलॉनची नळी कडक होऊन जेटला एका बाजूला ओढत असली, तर एक कार्बचं जेट पूर्ण वर जातं आणि दुसऱ्याचं अर्ध्यातच थांबतं. मग काय, सकाळी चोक लावलात की दिवसभर एक कार्ब रिच. ज्या दिवशी चोक लागलाच नाही त्या दिवशी गाडी मस्त. हिवाळ्यात ट्यूनिंग "जातं" आणि उन्हाळ्यात "येतं" ते यामुळेच. तपासणी साधी, चोक सोडल्यावर दोन्ही कार्बच्या खालून बोटाने जेट वर ढकला. एखादं वर सरकलं तर सापडलं. जेट साफ करा, चोकच्या लिंकेजला तेल द्या, केबलला थोडा ढिलेपणा आहे ना बघा, नळी कडक असेल तर जेट नळीसकटच मिळतं, ते बदला.

डॅशपॉटचं बघू. आधी वरचं डँपर (पिस्टनला एकदम वर न उडू देणारा तेलातला दांडा) काढा, पिस्टन बोटाने पूर्ण वर उचलून सोडा, खाली पडताना धातूचा स्पष्ट टक आवाज आला पाहिजे, दोन्हीकडे सारखा. आता जेट खाली करून परत सोडा. जेट वर असताना आवाज दबका आणि खाली असताना मोकळा येत असेल तर नीडल जेटला घासतेय, जेट सेंटर करावं लागेल. साठच्या दशकाच्या शेवटी-शेवटी स्प्रिंगवाल्या नीडल आल्या, त्या मुद्दाम एका बाजूला टेकलेल्या असतात आणि त्यांना सेंटरिंग लागत नाही, आपल्याकडे कुठल्या आहेत ते आधी बघून घ्या. दोन्ही डॅशपॉट एकदम उघडले असतील तर पिस्टन अदलाबदल होऊ देऊ नका, प्रत्येक पिस्टन त्याच्या डब्याला जुळवलेला असतो. डबा आतून फक्त पेट्रोल आणि कापडाने पुसायचा, पॉलिश पेपर अजिबात नाही.

डँपरमध्ये तेल २० ग्रेडचं, आजकाल बरेच जण इंजिनचंच २०डब्ल्यू५० घालतात आणि चालतं. पातळी पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वर साधारण अर्धा इंच. तेल संपलं की पेडल दाबल्यावर पिस्टन एकदम वर उडतो, क्षणभर मिक्श्चर लीन होतं, आणि गाडी गुदमरते. बाकी सगळं ठीक असून फक्त पिकअप घेतानाच धाप लागत असेल तर पहिल्यांदा हे तेल बघा, बाकी सगळं नंतर.

फ्लोट चेंबर: ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर नीडल-व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा झीज. झाकण उलटं धरून फ्लोट आणि झाकणाच्या काठातलं अंतर ३ ते ४.५ मिमीच्या मध्ये हवं, ड्रिलचा ३.५ किंवा ४ मिमीचा बिट मधे घालून मोजता येतं. दोन्ही चेंबरची पातळी सारखी असणं जास्त महत्त्वाचं, कारण पातळी वेगळी असली की जेट सारखं असूनही मिक्श्चर वेगळं.

एअर फिल्टर बदललेत त्यांनी गॅस्केट नक्की बघा. कार्बच्या तोंडावरच्या फ्लँजला दोन लहान भोकं आहेत, पिस्टनच्या खालच्या बाजूला बाहेरची हवा पोचवणारी. गॅस्केट उलटं बसलं की ती भोकं बुजतात, पिस्टन पूर्ण उचलत नाही, आणि वर ३००० नंतर गाडीत दम राहत नाही. फिल्टर बदलल्यावर बिघडली म्हणून लोक नीडल बदलायला निघतात, आधी गॅस्केट उलटं करून बघा.

ट्यूनिंग, आता कुठे

इंजिन पूर्ण गरम. दर तीनेक मिनिटांनी अर्धा-एक मिनिट २५०० वर चालवून मोकळं करायचं, नाहीतर आयडलला उभं राहून प्लग भरतात आणि तुम्हाला खोटं चित्र दिसतं. फिल्टर काढा. दोन्ही कार्बना जोडणाऱ्या शाफ्टचे क्लँप ढिले करा, चोकच्या लिंकेजचेही, म्हणजे दोन्ही कार्ब एकमेकांपासून सुटे झाले पाहिजेत. आयडलचे स्क्रू पूर्ण मागे घेऊन मग दोन्हीकडे सारखी एक-दीड फेरी आत. जेट आधी ब्रिजच्या (पिस्टन खाली जिथे टेकतो त्या जागेच्या) बरोबरीला आणायचं आणि मग नट १२ फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी एक म्हणजे एक फ्लॅट) खाली, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या. एचआयएफ असेल तर बाजूचा स्क्रू, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की रिच.

पहिल्यांदा आयडलच्या स्क्रूंनी दोन्हीकडची हवा सारखी करायची, मिक्श्चर नंतर. सिंक्रोमीटर नसला तर रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बच्या तोंडात दोन्हीकडे एकाच जागी धरून सूं आवाज ऐका, कान सरावला की यात फारसा फरक राहत नाही. आयडल ७५०-८०० च्या आसपास.

मग मिक्श्चर. कार्बच्या बाजूला खालून वर जाणारी एक पिन असते, तिने पिस्टन अगदी थोडा, एक मिमीपेक्षाही कमी उचलायचा. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, नट वर. लगेच पडला तर लीन, नट खाली. क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. एका वेळी एकच फ्लॅट फिरवा, आणि मध्ये पेडल एकदा झटकन दाबून सोडा म्हणजे पिस्टन जागेवर बसेल. एका कार्बचं बदललं की दुसऱ्याचं परत तपासायचं, बॅलन्स पाइपमुळे दोघांचा एकमेकांवर परिणाम होतो. मिक्श्चर जमल्यावर आयडल वाढतं, ते दोन्ही स्क्रूंनी सारखं खाली आणा.

आणि आता जे बहुतेक जण विसरतात ते. आयडलला बॅलन्स झालं म्हणजे काम संपलं नाही. क्लँप आवळताना दोन्ही स्पिंडल एकाच क्षणी उघडायला हवेत. लिंकेजमध्ये पिनांना थोडी मोकळीक असते, ती दोन्हीकडे सारखी ठेवून क्लँप आवळा, मग १५००-२००० वर धरून परत सिंक्रोमीटर लावा. आयडलला सारखं आणि २००० वर वेगळं दिसलं तर क्लँपच चुकीचे आवळलेत. गाडी हळू चालवताना हिसके देते, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हलक्या पेडलवर सरळ जात नाही, ते यामुळे. क्लँपचे बोल्ट लहान असतात, जुने झाले की पकड सुटते आणि पुढच्या महिन्यात तेच, म्हणून ते नवीन टाका. शेवटी चोकचा फास्ट आयडल, तोही दोन्हीकडे सारखा.

ज्यांना वाइडबँड लॅम्डा मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावता येतो त्यांनी जरूर लावावा, अंदाजापेक्षा आकडा कधीही बरा. क्रूझला १३.५ ते १४.५, फुल थ्रॉटलला १२.५ ते १३ च्या आसपास दिसलं पाहिजे. आयडलला बरोबर आणि फुल थ्रॉटलला लीन असेल तरच नीडल बदलायचा विचार करा. साठच्या दशकातल्या मधल्या एचएस४ ला ५ नंबरची नीडल मूळची, तिच्यापेक्षा रिच ६, लीन २१. दोन्ही कार्बमध्ये एकच नंबर, आणि नीडलची कड पिस्टनच्या तळाशी बरोबर लेव्हल.

पेट्रोल बदललंय हे विसरू नका

इथे ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालं. इथेनॉल वाढलं की तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी थोडी लीन चालते, एक-दोन फ्लॅट खाली उतरवावं लागतं. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं. पंपावर सुपर अजून ई५ मिळतं, जुन्या गाडीला तेच घाला. पण एकदा ई५ आणि एकदा ई१० असं करत राहिलात तर मिक्श्चरही तसंच हलत राहणार. भारतात आता ई२० आहे, तिथे टीसी-टीडी चालवणाऱ्यांनी नळ्या, फ्लोटच्या नीडल, पंपाचा पडदा हे सगळं इथेनॉल सोसणारं आहे ना ते आधी बघावं आणि मिक्श्चर त्याच पेट्रोलवर लावावं. उन्हाळ्यात गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू होत नसेल तर कार्ब आणि मॅनिफोल्डमधली उष्णतेची पत्र्याची ढाल आणि जाड स्पेसर जागेवर आहेत का ते बघा, कुणीतरी कधीतरी काढून टाकलेले असतात.

मग वेबर कधी

हे सगळं करूनही वेबर हवाच असेल तर विचार असा करा. अल्फा रोमिओच्या जिउलियासारख्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इनटेक पोर्ट आहे, म्हणून तिथे दोन वेबर ४० डीसीओई म्हणजे चार सिलिंडरला चार बॅरल शोभतात, आणि त्यांच्यासारखा थ्रॉटलचा प्रतिसाद एसयू देणार नाही हेही खरं. पण एमजीबीत पोर्टच दोन, त्यामुळे साधारणपणे एकच ४५ डीसीओई बसतो, त्याचं एकेक बॅरल एकेका पोर्टला. स्टॉक कॅम, स्टॉक हेड, स्टॉक एक्झॉस्ट असेल तर त्यातून हाती फारसं लागत नाही, पेट्रोल मात्र जास्त जातं. कॅम जास्त ताकदीसाठीचा टाकलाय, हेडवर काम झालंय, गाडी ट्रॅकवर जाते, तर वेबर खरंच कामाचा.

आणि वेबर टाकला की ट्यूनिंगची कटकट मिटते हा गैरसमज आधी काढा. तिथे चोक ट्यूब (हवेची वाट अरुंद करणारी नळी, थंड इंजिनचा चोक नव्हे), मेन जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, आयडल जेट, पंप जेट, सगळं वेगवेगळं निवडावं लागतं. सुरुवातीचा अंदाज म्हणून चोक ट्यूबचं माप मिमीमध्ये गुणिले चार म्हणजे मेन जेट, ३६ च्या चोक ट्यूबला १४५ च्या आसपास, पुढचं रोलिंग रोडवर (गाडी जागेवर चालवून मोजायच्या रोलरवर) जमवायचं. बसवताना मॅनिफोल्डच्या मध्ये रबरी ओ-रिंगवाला स्पेसर आणि स्प्रिंगसारखे दुहेरी वॉशर येतात, ते नट पूर्ण आवळायचे नाहीत, कार्ब किंचित हलला पाहिजे, नाहीतर इंजिनच्या कंपनाने फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल फेसाळतं आणि वरच्या आरपीएमला गाडी लीन होऊन फटके मारते. पेट्रोलचा दाब ३ पीएसआयच्या आसपास, जास्त असेल तर रेग्युलेटर.

उत्तर अमेरिकेत १९७५ पासूनच्या एमजीबीला एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब होता. तिकडे कुणाकडे अशी गाडी असेल तर मात्र ट्विन एसयूवर जाणं मी बिनधास्त सुचवेन, मॅनिफोल्डसकट जुना सेट मिळतो. फक्त सेट घेताना चमक बघू नका, स्पिंडल हलवून बघा, पिस्टन सोडून टक आवाज ऐका, दोन्ही नीडलवर एकच नंबर आहे का वाचा. आणि ज्या राज्यात गाडीची प्रदूषण चाचणी लागते तिथे बदल करायच्या आधी आपल्या वर्षाच्या गाडीला तो चालतो का ते विचारून घ्या.